किलिमांजारोची वाट निवडताना झालेली माझी चूक

किलिमांजारोला पहिल्यांदा जायचे ठरवले तेव्हा वाट निवडताना मी तीनच गोष्टी पाहिल्या होत्या: रजा किती मिळेल, खर्च किती येईल आणि रात्री तंबूत झोपावे लागेल की पक्क्या छपराखाली. मारांगूची वाट या तिन्ही कसोट्यांना उतरली. पाच दिवसांत वर जाऊन खाली येता येत होते, राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जात असल्यामुळे कमी दिवसांचा खर्चही कमी होता, आणि मुक्कामाला झोपड्या असलेली त्या डोंगरावरची ती एकमेव वाट आहे. तिला चेष्टेने ‘कोका-कोला’ म्हणतात आणि माचामेच्या वाटेला ‘व्हिस्की’, हेही वाचनात आले होते. दोहोंपैकी सौम्य ते आपले, असा हिशेब मी केला. टांझानियात परवानाधारक वाटाड्याशिवाय हा डोंगर चढता येत नाही, म्हणून एका कंपनीकडे नाव नोंदवले आणि पुढचे चार महिने जिने चढण्यात घालवले. ५,८९५ मीटर उंचीच्या उहुरू शिखरावर मी त्या खेपेला पोहोचले नाही.

पायांनी दगा दिला असता तर वाईट वाटले नसते. पाय शेवटपर्यंत ठीक होते. मध्यरात्री किबोच्या झोपडीतून निघून घसाऱ्यावरची नागमोडी वाट चढत आम्ही हान्स मेयर गुहेपाशी आलो, तेव्हा डोके इतके ठणकत होते की हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्या माणसाच्या बुटांच्या टाचा सोडून दुसरीकडे पाहावेसे वाटत नव्हते. ही गुहा सुमारे ५,१५० मीटरवर आहे, आणि १८८९ साली लुडविग पुर्टशेलरसह या शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या जर्मन भूगोलतज्ज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. पण त्या घटकेला मला तिचा उपयोग फक्त वाऱ्यापासून आडोसा एवढाच होता. तिथून थोडे वर गेल्यावर मला उलटी झाली. वाटाड्या मला पुन्हा गुहेपाशी घेऊन आला, त्याने काठीने राखट मातीत एक रेघ ओढली आणि एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत त्या रेघेवरून दहा पावले चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला मी रेघेच्या बाहेर होते. ‘झोप झालेली नाही म्हणून असे होते आहे,’ असे मी त्याला सांगून पाहिले. त्याने काही न बोलता माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उताराकडे बोट दाखवले.

उंचीमुळे मेंदूला सूज येऊ लागली की तोल जाणे हे तिचे महत्त्वाचे लक्षण असते, आणि रेघेवरून चालवण्याची ती साधी चाचणी त्याचसाठी असते, हे मला नंतर कळले. त्याने मला वरच जाऊ दिले असते तर हा मजकूर लिहायला मी राहिले असते की नाही, याची मला खात्री नाही.

घरी परतल्यावर चौकटीच्या वहीत मी एक साधी गोष्ट केली, जी जाण्यापूर्वीच करायला हवी होती. दिवसभरात किती चाललो हे न लिहिता प्रत्येक रात्री किती उंचीवर झोपलो, एवढेच एकाखाली एक लिहून काढले. मंडारा, २,७२० मीटर. होरोंबो, ३,७२०. किबो, ४,७२०. वेगवेगळ्या नकाशांत हे आकडे पाच-पंचवीस मीटरनी इकडेतिकडे होतात, पण चढण तीच राहते: दर रात्री बरोबर एक हजार मीटर. अतिउंचीवरील वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. माझ्या ‘सौम्य’ वाटेने या सल्ल्याच्या बरोबर दुप्पट वेग धरला होता, आणि वाटेवरचा चढ इतका सोपा, पायवाट इतकी रुंद की त्या वेगाचा संशय येण्याचे कारणच नव्हते.

येथे झोपेवर एवढा भर का, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही उंच डोंगराची वाट नीट निवडता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते. शिखरावरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर असते तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. मात्र ५,८९५ मीटरवर हवेचा एकूण दाबच जवळपास निम्मा होतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. शरीर यावर पहिला उपाय म्हणून श्वास वाढवते. पण जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि त्यामुळे श्वासाला पुन्हा लगाम बसतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून करतात, आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. असेटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या याच कामाला हातभार लावते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यायला हरकत नाही, पण ते वाटेच्या चुकीवरचा उतारा नव्हे. तांबड्या रक्तपेशी वाढून मिळणारा फायदा तर कित्येक आठवड्यांनी दिसतो, तेव्हा आठवडाभराच्या चढाईत तो धरायचाच नाही.

दिवसा चालताना माणूस नकळत खोल श्वास घेत असतो, म्हणून वर जाऊन काही वेळ थांबून खाली येणे सहसा सोसते. झोपेत श्वास मंदावतो, मध्येच काही सेकंद थांबतो, मग धापा टाकत पुन्हा सुरू होतो. होरोंबोच्या झोपडीत शेजारच्या फळीवर झोपलेल्या प्रवाशाचा श्वास असा थांबलेला ऐकून मी अंधारात उठून बसले होते. त्याचा श्वास परत सुरू होईपर्यंत मी माझाच रोखून धरला होता, हे मागाहून लक्षात आले. रक्तातला प्राणवायू झोपेत आणखी उतरतो, आणि म्हणून वाटेचा खरा कस तिच्या मुक्कामांत असतो. व्यायामाची सवय असलेल्यांना ही गोष्ट पटायला जड जाते. दमसास चांगला असणे म्हणजे उंची सोसणे नव्हे. उलट दमसास चांगला असलेला माणूस भरभर चढतो आणि अडचणीत लवकर येतो. ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, हे वाटाड्यांचे स्वाहिली पालुपद ऐकून मी पहिल्या दिवशी मनात हसले होते.

ही नजर एकदा आली की किलिमांजारोच्या वाटांची क्रमवारी पार बदलून जाते. माचामेचेच पाहा. ही वाट मारांगूपेक्षा चढाला खडी, पावसाळी जंगलातून जाणारी, तंबूची. पहिला मुक्काम सुमारे तीन हजार मीटरवर, दुसरा शिरा पठारावर ३,८०० च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या दिवसाची उडी मोठीच. पण तिसऱ्या दिवशी ही वाट ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवर नावाच्या कातळसुळक्यापर्यंत चढवते आणि त्याच संध्याकाळी साडेसहाशे मीटर खाली, बरांकोच्या खोऱ्यात झोपायला आणते. दिवसा उंच जा, रात्री खाली झोपा, हा गिर्यारोहकांचा जुना नियम इथे वाटेच्या आखणीतच बसलेला आहे. बरांकोनंतर करांगा, साधारण तेवढ्याच उंचीवर, आणि मग ४,६५० च्या जवळपास बाराफू. (स्वाहिलीतही बाराफू म्हणजे बर्फच, तंबूतल्या बाटलीतले पाणी पहाटे पाहिल्यावर शब्द पाठ करावा लागत नाही.) ‘व्हिस्की’ म्हणून जिची धास्ती घेतली होती ती वाट फुप्फुसांना ‘कोका-कोला’पेक्षा पुष्कळ दयाळू निघाली.

मात्र माचामेच्याच नावाने सहा दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन कार्यक्रम विकले जातात, आणि त्यांतला फरक जाहिरातीत एका ओळीचा असतो. सहा दिवसांत करांगाचा मुक्काम गाळून बरांकोहून थेट बाराफू गाठतात आणि त्याच मध्यरात्री शिखरासाठी निघतात. म्हणजे सकाळी बरांकोची अडीचशे मीटरची उभी भिंत हातापायांनी चढायची, दिवसभर चालायचे, संध्याकाळी चार घास खायचे आणि तीन-चार तास डोळे मिटून, न मिटून पुन्हा बूट बांधायचे. तेव्हा वाटेचे नाव विचारून भागत नाही. तिच्यावरच्या रात्री मोजून घ्याव्या लागतात. मारांगूसुद्धा सहा दिवसांची घेतली, होरोंबोला दोन रात्री काढल्या आणि मधल्या दिवशी त्याहून वरच्या झेब्रा रॉक्स या खडकांपर्यंत जाऊन आले, तर ती निराळी वाट होते. माझ्या कंपनीने मला तो पर्याय सांगितला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

लेमोशोची वाट पश्चिमेकडून येते आणि शिरा पठार पूर्ण ओलांडून लाव्हा टॉवरच्या सुमारास माचामेला मिळते. आठ दिवसांच्या कार्यक्रमात तिचे मुक्काम साधारण २,७००, ३,५००, ३,९००, ३,९५०, ४,००० आणि ४,६५० असे येतात. दुसऱ्या रात्रीची उडी इथेही नियमापेक्षा मोठी आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. पण नंतरच्या तीन रात्री जवळजवळ एकाच पातळीवर जातात, आणि मूत्रपिंडांना हवे असलेले दिवस तिथे मिळतात. नॉर्दर्न सर्किट याच वाटेने वर येऊन डोंगराच्या निर्मनुष्य उत्तर अंगाने वळसा घालते आणि नऊ दिवस घेते. चार हजारांच्या आगेमागे इतक्या रात्री दुसरी कोणतीच वाट देत नाही. याच्या उलट, शिराच्या वाटेवर गाडीने ३,५०० च्या आसपास नेऊन सोडतात आणि पहिलीच रात्र तिथे काढायला लावतात. पठार तेच, दृश्य तेच, आणि तरीही पहिल्या सकाळी डोके धरून बसलेली माणसे भेटतात ती या वाटेवर. उंब्वे ही सरळ सोंडेवरून चढणारी सर्वांत खडी वाट. दुसऱ्याच रात्री ती बरांकोला आणते. आधीच कुठेतरी उंचीवर आठवडा काढून आलेल्याला ती शोभेल.

मुक्कामांच्या उंचीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मी परतीच्या चालीत शिकले. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे उतरणे. तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामावरून उंची किती झटपट कमी करता येते, हे आधी पाहून ठेवायला हवे. किबोच्या झोपडीवरून खाली यायचे तर किबो (उहुरू याच्याच माथ्यावर आहे) आणि मावेंझी या दोन शिखरांमधले पठार आडवे तुडवावे लागते. नकाशावर ही चाल सोपी दिसते, कारण ती जवळजवळ सपाट आहे, आणि नेमकी तीच तिची खोट आहे. मी त्या सकाळी झाडाझुडपाविना पसरलेल्या त्या वाळवंटात तासन्‌तास चालत होते, ऊन चढत होते, मागे किबोचा बर्फ चकाकत होता, आणि घड्याळातला उंचीचा आकडा चार हजार चारशेच्या खाली यायला तयार नव्हता. होरोंबोच्या उतारावर पहिली खुरटी झुडपे दिसू लागली तेव्हा डोक्यातले ठणके ओसरले. आजारी माणसाला नेण्यासाठी या डोंगरावर एकचाकी स्ट्रेचर वापरतात. त्या पठारावरून एक जाताना मी पाहिला, आणि चार माणसे त्याच्याबरोबर धावत होती. बाराफूवरून मात्र म्वेकाची वाट सरळ खाली कोसळते आणि काही तासांत ३,१०० पर्यंत आणून सोडते. लाव्हा टॉवरपाशी त्रास झाला तर बरांको साडेसहाशे मीटर खाली आहेच. नॉर्दर्न सर्किटच्या बाजूने माझे मत झुकत असूनही तिच्या उत्तरेकडच्या दोन मुक्कामांबद्दल मला शंका वाटते ती याचसाठी: उंची बेताची असली तरी तिथून कुठलाही रस्ता दूर आहे.

ऋतूचा विचार त्या मानाने सोपा आहे. मार्च ते मे हा मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या सुमारास छोटा. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. पाऊस मुख्यतः दक्षिण उतारांवर पडतो, आणि केनियाच्या सीमेकडून येणारी रोंगाईची वाट पर्जन्यछायेत आहे, म्हणून पावसाळी दिवसांतच जाणे भाग असेल तर तिचा विचार आधी करावा. गर्दीचे म्हणाल तर माचामे आणि लेमोशो शेवटी एकत्रच येतात, त्यामुळे ‘लेमोशोवर गर्दी नसते’ हे विधान पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतेच खरे आहे.

आणि टक्केवाऱ्या. प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत ‘या वाटेवर इतके टक्के यश’ असा एक भरघोस आकडा असतो. मी आता तो वाचून सोडून देते. यश कशाला म्हटले आहे, हे त्यात लिहिलेले नसते. किबोकडून चढणारा माणूस आधी गिलमन्स पॉइंटला, म्हणजे सुमारे ५,६८५ मीटरवर माथ्यावरच्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठाला लागतो. बाराफूकडून येणारा स्टेला पॉइंटला, ५,७५० च्या आसपास. या दोन्ही ठिकाणांहून परतणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळते, उहुरूचे त्याहून वेगळे असते. गिलमन्सहून उहुरूपर्यंत काठाकाठाने आणखी दीड-दोन तासांची चाल उरते, आणि ती दमलेल्या माणसाची चाल असते. तेव्हा आकडा कोणत्या टेकाचा आहे आणि किती दिवसांच्या कार्यक्रमाचा आहे, हे विचारावे. उत्तर गोलमाल आले तर कंपनीबद्दल तेवढी माहिती पुरेशी आहे.

वेस्टर्न ब्रीच ही वाट मी नावापुरतीच सांगते. लाव्हा टॉवरकडून विवरात थेट शिरणारी ही वाट अंतराने सर्वांत आखूड आहे. २००६ च्या जानेवारीत तिथे दरड कोसळून तीन अमेरिकन गिर्यारोहक मृत्युमुखी पडले आणि वाट बंद करण्यात आली. पुढे ती पुन्हा उघडली. दगड धरून ठेवणारा बर्फ जिथे वर्षागणिक कमी होतो आहे, तिथल्या उतारावर कौशल्यापेक्षा वेळेच्या योगायोगावर जास्त भिस्त ठेवावी लागते. माझ्या वहीत तिला रकाना नाही.

दुसऱ्यांदा मी लेमोशोने गेले, आठ दिवसांच्या कार्यक्रमाने. लाव्हा टॉवरपाशी जेवताना डोके पुन्हा दुखू लागले आणि पोटात जुनी भीती उतरली. वाटाड्याने (हा वेगळा होता) बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला आणि माझ्यासमोर भाताची ताटली सरकवली. दोन तासांनी आम्ही बरांकोच्या खोऱ्यात उतरत होतो. तिथे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे सेनेसिओ उभे असतात. खोडाभोवती वाळलेल्या पानांची जाड गोधडी गुंडाळलेली आणि माथ्यावर कोबीसारखा हिरवा गड्डा. वाळलेली पाने खोडावरच राखून ही झाडे रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत खोड जपतात. त्यांतल्या एकाला हात लावून पाहताना लक्षात आले की डोके दुखायचे थांबले आहे. तिथून पुढे तिसऱ्या रात्री, सूर्योदयाच्या थोडे आधी, उहुरूला पोहोचले. वर पंधरा मिनिटे थांबलो. मग म्वेकापर्यंतची २,८०० मीटरची उतरण एका दिवसात करताना गुडघ्यांनी जे सांगितले ते वेगळ्या लेखाचा विषय आहे. गुडघे दुखरे असणाऱ्यांनी मारांगूने उतरणाऱ्या वाटा पाहाव्यात, एवढेच इथे नोंदवते.

माझा मावसभाऊ येत्या जानेवारीत जातो आहे. त्याला रोंगाई आवडली होती, आणि मी तिच्यावर आक्षेप घेईन म्हणून तो तयारीनेच आला. त्याच्या कागदावर शेवटचे मुक्काम लिहिलेले होते: मावेंझीच्या कड्याखालच्या तळ्याकाठी, ४,३०० मीटरवर, एकाऐवजी दोन रात्री, मग किबो, ४,७००. मधल्या रकान्यात त्याने ४०० लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ‘आणि ते सपाट पठार?’ मी विचारले. त्याने कागद उलटा केला. मागे सगळ्या मुक्कामांची दुसरी यादी होती, प्रत्येकापुढे खाली उतरायला लागणारे तास. किबोपुढचा आकडा त्याने लाल शाईने लिहिला होता आणि शेजारी वाटाड्याला विचारायच्या प्रश्नाची खूण केली होती.